तपासायला आलेला माणूस कोण?

या महिन्यात एका दुकानातली गोष्ट सांगून सुरुवात करते.

कोथरूडमध्ये राहणाऱ्या आपल्या घरांना मांस आणण्याची एक कायमची कटकट असते. ओळखीचा, खात्रीचा दुकानदार जवळपास मिळत नाही. म्हणून कित्येक घरांत रविवारी सकाळी कुणीतरी पिशवी घेऊन कॅम्प नाही तर कोंढवा गाठतो. आमच्या नशिबाने पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला एक चिकनचे दुकान आहे. दुकानदार आपला माणूस, नमाजी, तोलात कधी हात मारणार नाही. पंधरा वर्षे आम्ही त्याच्याकडून घेतो.

एका रविवारी ऐन गर्दीत दोन तरुण आले. एकाने मोबाईल समोर धरून चित्रीकरण सुरू केले, दुसऱ्याने दरडावून विचारले, "लायसन दाखव. कुठे कापतोस? कोण तपासतं?" दुकानदार घाबरला. त्याने ओळखपत्र मागितले नाही, नाव विचारले नाही. गल्ल्यातून काही नोटा काढून दिल्या, वर दोन किलो चिकन बांधून दिले. दोघे निघून गेले. ते कुठल्याही खात्याचे नव्हते हे नंतर कळले.

महिना-दीड महिन्याने पुन्हा एक माणूस आला. या वेळी तो खरोखरीचा अन्न सुरक्षा अधिकारी होता. दुकानदाराने मागचा अनुभव मनात ठेवून त्याच्याशी हुज्जत घातली, "तुम्हाला आमचीच दुकानं दिसतात का?" असे विचारले आणि अर्धे शटर ओढून घेतले. मी त्या वेळी बाहेरच उभी होते. तो अधिकारी शांतपणे म्हणाला, "शटर ओढू नका, त्याचाच वेगळा गुन्हा होईल." संध्याकाळी दुकानदार आमच्या घरी आला. "आपा, पहिल्यांदा घाबरलो तेव्हा चुकलो, दुसऱ्यांदा नडलो तेव्हाही चुकलो. मग करायचं काय?"

त्याचा प्रश्न साधा होता, पण उत्तर मलाही नीट ठाऊक नव्हते. कायदा काढून वाचला, जाणकारांना विचारले. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवते. दुकानदारांनी वाचावेच, पण रोज मांस विकत घेऊन चुलीवर चढवणाऱ्या भगिनींनी आधी वाचावे.

तपासणारे तीन दरवाजे

मांसाच्या बाबतीत सरकारी तपासणी तीन वेगवेगळ्या दारांनी येते. दार कोणते, हे ओळखले की निम्मा गोंधळ संपतो.

पहिले दार अन्नसुरक्षेचे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 साली झाला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून देशभर लागू झाला. महाराष्ट्रात तो राबवते अन्न व औषध प्रशासन, म्हणजे राज्य सरकारचे खाते. त्याचे अन्न सुरक्षा अधिकारी कत्तलखान्यापासून कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानापर्यंत कुठेही जाऊ शकतात. कलम 38 प्रमाणे जिथे अन्न तयार होते, विक्रीसाठी साठवले जाते किंवा विकायला मांडलेले असते, तिथे शिरून पाहणी करण्याचा, नमुना घेण्याचा आणि माल खाण्यास अयोग्य वाटल्यास जप्त करण्याचा अधिकार त्यांना आहे.

दुसरे दार महापालिकेचे. सार्वजनिक कत्तलखाने बांधणे, चालवणे आणि शहरातल्या कत्तलीवर नियंत्रण ठेवणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 प्रमाणे महापालिकेचे काम आहे. पुणे महापालिकेचा कत्तलखाना कोंढव्याला आहे. तिथे जनावर कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकाने तपासायचे असते. जिवंत जनावर चालते कसे, नाकातोंडातून काही गळते का, ताप आहे का, हे आधी पाहतात. कापल्यावर फुप्फुस, काळीज आणि ठिकठिकाणच्या गाठी पाहतात, कारण क्षयासारखे रोग आणि जंतांच्या गाठी तिथेच सापडतात. योग्य ठरलेल्या धडावर शिक्का बसतो. मटण घेताना शिक्का पाहावा असे आपले वडीलधारे सांगत, ते याचसाठी. दुकानाचे सांडपाणी, पिसे-आतड्यांचा कचरा हे प्रश्नही महापालिकेकडे, म्हणजे आपल्यासाठी कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयाकडे येतात. परवानगीशिवाय कत्तल चालल्याचा संशय आल्यास महापालिकेचे अधिकृत अधिकारी जागेची पाहणी करू शकतात.

तिसरे दार प्राण्यांविषयीच्या कायद्यांचे. 2001 च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे परवानाधारक कत्तलखान्याबाहेर कत्तल करता येत नाही. गाभण जनावर, तीन महिन्यांहून लहान पिल्लू, किंवा ज्याचे पिल्लू तीन महिन्यांहून लहान आहे अशी मादी कापता येत नाही. आणलेल्या जनावराला 24 तास विश्रांती द्यावी लागते. एका पशुवैद्यकाने तासाला 12 पेक्षा आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत, म्हणजे तपासणी कागदावरची राहू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ किंवा त्याने अधिकृत केलेली व्यक्ती कामाच्या वेळेत, आगाऊ सूचना न देता कत्तलखान्याची पाहणी करू शकते. याशिवाय 1976 चा महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा आहे. त्यात गाय, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी आहे आणि म्हशीसाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. या कायद्याखाली वाहन थांबवून तपासायचे असेल तर ते उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलिसाने किंवा सरकारने अधिकृत केलेल्या व्यक्तीनेच करायचे असते.

या तीनही दारांच्या चौकटीवर एकच अट लिहिलेली आहे: आत येणाऱ्याला कायद्याने अधिकार दिलेला असला पाहिजे. मोबाईल हातात असणे म्हणजे अधिकार असणे नव्हे. 2025 च्या पावसाळ्यात राज्यभरातल्या कुरेश समाजाने जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली, ती रस्त्यात गाड्या अडवणाऱ्या अशाच स्वयंघोषित तपासनिसांना कंटाळून. त्या बंदची झळ शेतकऱ्यालाही बसली, कारण भाकड जनावर घ्यायला बाजारात गिऱ्हाईक उरले नव्हते.

अधिकाराला लगाम

आता आमच्या दुकानदाराचा दुसरा प्रश्न. खरा अधिकारी आला तर तो वाटेल ते करू शकतो का? नाही. कायद्याने हातात सत्ता दिली तशी त्या हाताला दोरीही बांधली आहे.

अधिकाऱ्याने कारवाई करताना किमान एक साक्षीदार बोलवायचा आणि त्याची सही घ्यायची. नमुना घेतला तर त्याची बाजारभावाने किंमत द्यायची. नमुन्याचे चार भाग करून सील करायचे. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा. अहवाल विरोधात गेला तर 30 दिवसांत अपील करता येते. जागेत दोष आढळले म्हणून लगेच कुलूप लागत नाही. आधी सुधारणा नोटीस येते, तीत काय चुकले ते लिहिलेले असते आणि दुरुस्तीला किमान 14 दिवस मिळतात. तरीही सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होतो. त्यावरही अन्न सुरक्षा आयुक्तांकडे दाद मागता येते. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र तडकाफडकी बंदी घालता येते.

कलम 39 तर प्रत्येक दुकानदाराने पाठ करावे. अधिकाऱ्याने वाजवी कारण नसताना, छळण्यासाठी माल जप्त केला तर त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात पुढे असेही आहे की अधिकाऱ्याविरुद्ध खोटी तक्रार करणाऱ्यालाही 50,000 ते एक लाख रुपये दंड आहे. दोन्ही बाजू तोलून धरल्या आहेत.

म्हणून रीत अशी: ओळखपत्र मागावे, नाव आणि हुद्दा लिहून घ्यावा, नोंदणीचा कागद पुढे ठेवावा, पंचनामा वाचून मगच सही करावी आणि त्याची प्रत मागावी. आवाज चढवू नये, शटर ओढू नये. कामात अडथळा आणणे हा खरोखरच स्वतंत्र गुन्हा आहे. आणि ओळखपत्र नसलेल्याला एक नोटही देऊ नये. पोलिसांना फोन करावा. आज दिलेल्या नोटा उद्या त्याच माणसाला पुन्हा दुकानात आणतात.

पण त्या दिवशी सापडले काय?

इथवर वाचून दुकानदार मंडळी खूश झाली असतील. आता दुसरी बाजू.

त्या दिवशी अधिकाऱ्याने जे लिहिले ते खोटे नव्हते. लाकडी ओंडक्याला भेगा पडल्या होत्या आणि त्यांत जुने मांस साचलेले होते. हात धुण्याचे आणि कोंबड्या धुण्याचे पाणी एकाच पिंपातले. पिसांचा डबा उघडा, त्यावर माश्या. आणि मुख्य म्हणजे नोंदणी लहान व्यवसायाची होती. त्या नोंदणीवर दिवसाला 50 कोंबड्यांपर्यंतच कापता येतात. त्यापुढे हजारापर्यंत राज्याचा परवाना लागतो. आमच्या दुकानदाराचा रविवार 50 वर थांबत नाही, हे रांगेत उभे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना दिसत होते.

पंधरा वर्षे मी त्या ओंडक्यासमोर उभी राहिले. भेगा मला दिसल्या नाहीत का? दिसल्या. पण "आपला माणूस आहे, बिस्मिल्लाह म्हणून कापतो, बस्स" एवढ्यावर मी समाधान मानले. हा दोष त्याच्या एकट्याचा नाही.

अल्लाहने कुरआनात खाण्याविषयी सांगताना हलालबरोबर तय्यब हा शब्दही ठेवला आहे. तय्यब म्हणजे स्वच्छ, निर्मळ, खाण्यास चांगले. आपण पहिल्या शब्दासाठी अर्धे शहर ओलांडतो आणि दुसरा विसरतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस असे त्यांनी त्या विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. ही हदीस आपण मुलांना शिकवतो. ती तपासणीचीच हदीस आहे. राशीत हात घालून पाहणे ही सुन्नत आहे.

पुढे इस्लामी शहरांत याचे खातेच उभे राहिले. बाजारावर देखरेख करणाऱ्याला मुहतसिब म्हणत. हजरत उमर (रजि.) यांनी मदिनेच्या बाजाराचे काम शिफा बिन्त अब्दुल्लाह या बाईंकडे सोपवल्याची रिवायत आहे, हे भगिनींनी लक्षात ठेवावे. बाराव्या शतकात शाम देशात अल-शैजरी यांनी मुहतसिबांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात खाटकांसाठी वेगळे नियम आहेत. बोथट सुरीने कापू नये. जनावर पाय धरून फरफटत नेऊ नये. रस्त्यावर रक्त सांडेल असे दुकानाच्या दारात कापू नये. सोललेल्या मांसात फुंकर मारू नये, कारण तोंडाच्या वाफेने मांस बिघडते. बकरीचे आणि मेंढीचे मांस मिसळू नये. टांगलेले मांस जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपड्यांना लागू नये. आणि दिवस संपला की ओंडक्यावर मीठ पसरावे, म्हणजे कुत्री चाटणार नाहीत, किडे होणार नाहीत. आठशे वर्षांपूर्वीचा तो ओंडका आणि पौड रस्त्याजवळचा हा ओंडका यांत मला फारसा फरक दिसला नाही. मीठ पसरणारा हात तेवढा राहून गेला.

एका जनावरासमोर दुसरे कापू नये हा 2001 च्या नियमांतला मुद्दाही आपल्याला परका नाही. सुरीला धार लावून घ्या, जनावराला कमीत कमी यातना द्या, ही पैगंबरांची (स.) शिकवण आहे, आणि जनावराच्या डोळ्यांदेखत धार लावणेही त्यांना आवडले नव्हते. दुसरीकडे, 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 28 ने कोणत्याही समाजाच्या धर्माला आवश्यक अशा पद्धतीने प्राणी मारणे हा गुन्हा मानलेला नाही. जबिहा आणि आरोग्य तपासणी यांत भांडण नाही. ते आपणच मनात उभे करतो.

उंबरठ्यापर्यंत

मग तपासणीची हद्द कुठे संपते? अन्नसुरक्षेच्या कायद्यातला शब्द पाहा: विक्री. विकायला ठेवलेले अन्न तपासायचे. घरातल्या चुलीवरचे पातेले हा त्या अधिकाऱ्याचा विषय नाही.

महाराष्ट्राच्या प्राणी संरक्षण कायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती लागू झाली, तेव्हा परराज्यात कापलेल्या गोवंशाचे मांस नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले होते. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातल्या मांसाबाबतचे ते कलम 5 ड रद्द केले. माणसाच्या खासगी आयुष्यात, त्याच्या ताटात राज्याने असे डोकावू नये, हा त्यामागचा विचार. राज्यात बेकायदा कापलेल्या मांसाबाबतची बंदी राहिली, मात्र ते माहीत असून बाळगले हे दिसले पाहिजे असे न्यायालयाने म्हटले. या निकालाविरुद्ध अपिले सर्वोच्च न्यायालयात गेलेली आहेत.

आपल्याकडेही ही हद्द जुनी आहे. हजरत उमर (रजि.) रात्री गस्त घालताना एका घराच्या भिंतीवरून आत उतरले आणि घरमालकाला गुन्ह्यात पकडले, अशी रिवायत सांगतात. तो माणूस म्हणाला, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या. टेहळणी केलीत, दाराने आला नाहीत, परवानगी आणि सलामाशिवाय आत आलात. खलिफांनी ते मान्य केले. राशीत हात घालायचा तो बाजारात. घराची भिंत ओलांडायची नाही.

पण घराचीही एक बाजू आहे, ती ईद-उल-अज़हाला समोर येते. सोसायटीत कुर्बानी करावी का? मुंबई उच्च न्यायालयाने 2019 साली फ्लॅटमधल्या कुर्बानीला मनाई केली. 28 जून 2023 रोजी दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीबाबत तातडीच्या सुनावणीत न्यायालयाने म्हटले की महापालिकेचा परवाना नसेल तर तिथे कत्तल होऊ देऊ नये. कोथरूडसारख्या भागात, जिथे जिन्यात सगळे मिळून चार-दोनच आपली घरे असतात, तिथे यावर वाद घालण्याऐवजी परवानगी असलेल्या जागी कुर्बानी करून वाटा घरी आणणे शहाणपणाचे. शेजाऱ्याचा हक्कही आपल्या दीनमध्ये मोठा आहे.

चुलीपाशी

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा नदीपलीकडच्या आपल्या कोथरूडमध्येही चिकन बंद झाले होते. राज्यात संशयित रुग्ण दोनशेवर गेले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून येतो, तसा कच्च्या कोंबडीतूनही येतो. मुख्य संशय पाण्यावर होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी फेब्रुवारीत सांगितले की कोंबड्या मारून टाकण्याची गरज नाही, मांस नीट शिजवून खा. त्या महिन्यात अफवेने लहान दुकानदारांचे कंबरडे मोडले. तपासणी नियमित असती, नमुन्यांचे निकाल लोकांना कळत असते, तर अफवेला एवढी जागा मिळाली नसती. प्रामाणिक दुकानदाराचे खरे संरक्षण तपासणीतच आहे.

आपण काय करायचे? दुकानात 14 अंकी नोंदणी किंवा परवाना क्रमांक लावलेला आहे का ते पाहावे. ओंडका, पाणी, सत्तूर यांकडे नजर टाकावी आणि चुकत असेल तर प्रेमाने, पण तोंडावर सांगावे. घरी कच्चे चिकन नळाच्या जोरदार धारेखाली धुऊ नये, थेंब उडून ओटाभर पसरतात. कच्च्या मांसाची सुरी-पाट वेगळी ठेवावी, फ्रिजमध्ये मांस झाकून खालच्या कप्प्यात ठेवावे, हाडाजवळ गुलाबी राहणार नाही इतके शिजवावे. शंका मोठी असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365 हा विनाशुल्क क्रमांक आहे. कायद्याच्या कलम 40 प्रमाणे गिऱ्हाईकही फी भरून विकत घेतलेले अन्न अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. अन्नात दोष निघाला तर फी परत मिळते.

आमच्या दुकानदाराने नोटिशीची मुदत संपण्याआधी ओंडका बदलला, नळ घेतला, डब्याला झाकण आले, मोठ्या परवान्यासाठी अर्ज केला. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा भिंतीवर क्रमांकाचा कागद चिकटवलेला होता आणि त्याखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते: "तपासणीसाठी ओळखपत्र दाखवावे."

मी चिकन घेतले, पैसे दिले. निघताना तो म्हणाला, "आपा, ओंडका बघितला का?"

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मी वाकून नीट बघितला.